समेटाआधीचं काम

सातपुड्यातली मार खाल्लेली बाई सगळ्यात आधी कुणाकडे जाते? सरकारी भिंतींवर रंगवलेले १८१ आणि ११२ हे आकडे तिला पाठ असले तरी अक्राणी तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळायची तर आधी टेकडी चढावी लागते. जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय, मोठे साहेब हे सगळं खाली नंदुरबारला. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावहून तळोद्याकडे उतरायचा रस्ताच बंद होतो. म्हणून बाई आधी माहेरची वाट धरते. माहेर लांब असेल, किंवा माहेरच्यांनी घेतलेलं देज, म्हणजे वधूमूल्य, परत करायची त्यांची ऐपत नसेल, तर ती पाड्यावरच्या कारभाऱ्याकडे, पंचांकडे जाते. मनातलं बोलायला मात्र ती जाते ती देवाधर्माच्या माणसाकडे. कुणी भगताकडे जातं, आप पंथाचं घर असेल तर आरतीच्या ठिकाणी, माळकरी घरातली असेल तर महाराजांकडे, आणि नवापूरकडच्या ख्रिस्ती मावची घरातली असेल तर पाळकाकडे.

तेही ती गेलीच तर. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी. ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे जी बाई पाळकाच्या ओट्यावर किंवा भगताच्या अंगणात येऊन बसते, तिनं शंभरातल्या सत्त्याहत्तर जणींना जमलं नाही ते केलेलं असतं. त्यानंतर समोरचा माणूस काय बोलतो यावर पुढचं सगळं ठरतं. आणि आपल्याकडे धर्माच्या माणसाची सवय अशी की तो पहिल्याच वाक्यात समेटाची भाषा बोलतो. सोड ना बाई, लेकरांकडे बघ, त्यालाही बोलावून समजावतो, दोघं मिळून प्रार्थना करू, जोडीनं नारळ फोडा. मनानं चांगली असलेली माणसंही हेच बोलतात, आणि या लेखाचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे. वाईट माणसांसाठी पोलीस आहेत.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले दहापैकी सात जण आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी. घरात भिली, पावरी, मावची, देहवाली. बाजारात अहिराणी आणि गुजराती. शाळेत आणि कोर्टात मराठी. इथल्या बाईच्या दुःखाला घरचा मार हे जसं कारण आहे तसं दुसरंही एक आहे. त्याबद्दल खाली शहरांत लोक कुतूहलानं बोलतात, आणि वर पाड्यांवर दबक्या आवाजात. ते म्हणजे डाकीण ठरवलं जाणं.

हे कसं घडतं ते जवळून पाहायला हवं, कारण त्यात सांत्वन करणारा आणि आरोप करणारा हा एकच माणूस असतो. घरातलं पोर तापानं फणफणतं, सांधे सुजतात, पोटात कळा येतात, डोळे पिवळे होतात. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून चालत आलेला आहे. त्याची कळ अशीच अचानक उठते, एकाच घरातल्या एका भावंडाला पिळून काढते आणि दुसऱ्याला शिवतसुद्धा नाही. एकाच घरात असा दुजाभाव करणारा आजार निव्वळ आजार आहे यावर आईबापांचा विश्वास कसा बसावा? मग ते भगताकडे जातात. भगत दाणे पाहतो. मूठभर दाणे टाकायचे, मोजायचे, जुळवायचे, पुन्हा टाकायचे. हात दाण्यांवर असतो आणि तोंडानं प्रश्न चालू असतात: भांडण कुणाशी झालं, दारात कोण येऊन गेलं, बांधावरून कुणाशी बोलणं बंद आहे. घाबरलेलं घर उत्तरं देत जातं. शेवटी दाण्यांतून जे नाव निघतं ते त्या घरानं स्वतःच तासाभरापूर्वी सांगितलेलं असतं. बहुतेक वेळा ते गावातल्याच, नात्यातल्याच बाईचं असतं. विधवा, निपुत्रिक, फटकळ तोंडाची, किंवा नवऱ्यामागे जमिनीचा तुकडा नावावर असलेली.

हा प्रकार फार जुना. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी माळव्यापासून डांगापर्यंतच्या भिल्ल मुलखात डाकिणीच्या ‘परीक्षा’ लिहून ठेवल्या आहेत. डोळ्यांत मिरची घालून पाणी येतं का पाहायचं, पाण्यात टाकून बुडते की तरंगते ते पाहायचं. मेवाडच्या दरबारानं १८५३ मध्ये या प्रथेवर बंदी घातली. इतिहासकार अजय स्कारिया यांनी पश्चिम भारतातल्या या हिंसेवर लिहिताना दाखवलं की कंपनी सरकारची बंदी भिल्लांना भलतीच वाटली: साहेब डाकिणींना सामील आहेत, असं. वरून आलेला हुकूम आणि खालची भीती यांची अशी गाठ पडली की भीती उलट वाढते.

महाराष्ट्राचा कायदा आला २०१३ मध्ये. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अठरा वर्षं वाट पाहिली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर अवघ्या काही दिवसांत अध्यादेश निघाला. डिसेंबरात विधिमंडळानं तो मंजूर केला. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा हा कायदा. त्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. त्यातलं एक वाचताना वाटतं की लिहिणाऱ्यानं सातपुड्यातलं घर पाहिलं असावं. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं जाहीर करणं किंवा तसा समज पसरवणं हा गुन्हा आहे. जनावराचं दूध आटणं राज्याच्या कायद्यात आलं, कारण दुभतं जनावर आटलं म्हणून बायका मारल्या गेल्या आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. सर्पदंश किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा. आणि याच कायद्यात भजन, कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा यांना स्पष्ट मोकळीक आहे. कायद्याच्या विरोधकांनी वर्षानुवर्षं ज्या वारीच्या नावानं ओरड केली, तिला या कायद्याचा कधीच धक्का लागणार नव्हता. असो.

कायदा मारणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. डाकीण ठरलेल्या बाईच्या हातचं पाणी गावानं पुन्हा प्यावं, तिच्या नातवाला शेजारणीनं मांडीवर घ्यावं, हे कोर्ट घडवू शकत नाही. ते घडवायला गावातलाच, ज्याच्या शब्दाला देवाचं वजन आहे असा माणूस लागतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या जिल्ह्यात वर्षानुवर्षं डाकीण प्रथेविरुद्ध काम करत आले आहेत. कार्यकर्ता बाहेरून येतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. रात्री गावात भगत असतो.

तर असा देवाचा माणूस या मुलखात कधी बायकांच्या बाजूनं उभा राहिला का? राहिला. आणि त्याची गोष्ट महाराष्ट्र विसरत चालला आहे.

नंदुरबारच्या भिल्लांमध्ये धर्मातून सुधारणा येण्याची परंपरा मोठी आहे. १९२२ च्या अखेरीस ‘देवी’ आली. समुद्रकाठच्या कोळीवाड्यांतून ती दक्षिण गुजरातच्या रानांत शिरली आणि तिथून खानदेशच्या पश्चिम टोकापर्यंत पोचली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराचं या चळवळीवरचं पुस्तक प्रसिद्ध आहे. अंगात आलेली देवी सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करू नका. पंधरा वर्षांनी तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. हजारो भिल्ल जमायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, दारू सोडल्याची शपथ घ्यायचे. ज्यांना सगळा गाव ‘अरे भिल्ला’ म्हणून हाक मारायचा ते एकमेकांना आप म्हणू लागले, यानं तेव्हाच्या सावकारांची झोप उडाली असणार. गुलाम महाराज १९३८ मध्ये गेले. आप पंथ आजही आहे. दारू सुटली त्या घरात बाईची पाठ वाचली, हे कुठल्या अहवालात मांडलेलं नसलं तरी सातपुड्यातल्या कुठल्याही म्हातारीला ते ठाऊक असतं.

पण या दोन्ही लाटांमध्ये बाईला जे मिळालं ते आडवाटेनं मिळालं. नवरा शुद्ध झाला म्हणून ती वाचली. तिचं गाऱ्हाणं तिच्याच तोंडून बाहेर येऊ देणारा माणूस यायला आणखी तीस-पस्तीस वर्षं गेली.

तो अंबरसिंग सुरतवंती. शहादा तालुक्यातला भिल्ल, सर्वोदयाच्या मुशीतून आलेला, भजनं म्हणायचा म्हणून लोक त्याला अंबरसिंग महाराज म्हणत. ना मठ, ना गादी. शहाद्याच्या काळ्या जमिनी तेव्हा भिल्लांच्या हातून गुजर-पाटलांच्या हाती गेलेल्या, कापूस आणि उसाचा पैसा गावात खेळू लागलेला, आणि ज्यांची जमीन होती तेच तिच्यावर सालदार म्हणून राबत होते. शेतावरच्या मजूर बाईवर मालकाचा हात पडणं ही जणू सालदारकीतलीच एक अट होती. जमीनदारांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली स्वतःचे राखणदार पोसले होते. १९७१ मध्ये पाटीलवाडीचं प्रकरण घडलं, आदिवासींवर गोळ्या चालल्या, आणि मग तालुका पेटला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीसाठी मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे यांच्यासारखे शिकलेले तरुण पुण्या-मुंबईची नोकरी-चाकरी सोडून तिथे येऊन राहिले. मार्क्स वाचलेली ही पोरं आणि भजन म्हणणारा महाराज यांची मोट कशी बांधली गेली, यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. भांडणं झाली असणारच. पण लोक जमायचे ते महाराजांच्या शब्दावर.

मागण्या होत्या जमिनीच्या आणि मजुरीच्या. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली तेव्हा कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचं भांडणही त्यात आलं. पण बायकांची शिबिरं भरली तेव्हा त्या बोलू लागल्या भलत्याच विषयावर. मजुरीबद्दल बोलता बोलता नवऱ्याच्या दारूवर आल्या, दारूवरून मारावर. शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. एखाद्या सभ्य शिबिरात संचालकानं घड्याळ पाहून विषयावर या असं सांगितलं असतं. इथे बायका थेट उठल्या, चालत गुत्त्यावर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. हे लोण गावोगाव गेलं. बायको मारणाऱ्याला बायकांनी मिळून चारचौघांत जाब विचारला. गेल ऑम्व्हेट यांनी तेव्हाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या लढ्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात शहाद्याच्या या बायका आहेत. स्त्रीमुक्ती हा शब्द मुंबईच्या सभागृहांत रुळायच्या आधीची ही गोष्ट.

अंबरसिंग महाराजांचं मोठेपण मला दिसतं ते इथे. बायकांनी मडकी फोडली तेव्हा महाराज मध्ये पडले नाहीत. नवरा-बायकोचं भांडण चुलीपाशी मिटवा, चळवळीत फूट पडेल, असं सांगणं त्यांना सहज शक्य होतं आणि संघटनेच्या हिशेबानं ते शहाणपणाचंही दिसलं असतं, कारण मारणारे नवरे हेच मोर्च्यातले कार्यकर्ते होते. त्यांनी तसं केलं नाही. १९७४ मध्ये ते ऐन उमेदीत गेले. आणीबाणी आली, चळवळ दडपली गेली, पुढे तिच्या वाटा फुटल्या. पण बाईच्या मारहाणीचा विषय त्यानंतर शहाद्यात पुन्हा चुलीपाशी परतला नाही.

आता जरा लांब, थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. शहाद्यात मडकी फुटल्यानंतर तीन-चार वर्षांनी, १९७६ मध्ये, मेरी फॉर्च्यून नावाच्या तरुणीला युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट या प्रॉटेस्टंट पंथात पाळकपदाची दीक्षा मिळाली. सिॲटल शहरात बलात्कारपीडितांसाठी चालणाऱ्या केंद्रात ती स्वयंसेवक म्हणूनही जायची. तिथे तिला एक विचित्र दरी दिसली. केंद्रातल्या कार्यकर्त्यांना कायदा, पोलीस, दवाखाना सगळं माहीत. पण बाईनं विचारलं की देवानं मला ही शिक्षा का दिली, तर ते गप्प. आणि चर्चमधल्या पाळकांना देवाबद्दल सगळं माहीत; पण त्यांच्या मंडळीत अशी बाईच नाही, असं ते शपथेवर सांगत. बायका पाळकांशी बोलत नव्हत्या, कारण पाळक या विषयावर कधी व्यासपीठावरून बोललेच नव्हते. फॉर्च्यूननं १९७७ मध्ये केंद्र काढलं, ते पुढे फेथट्रस्ट इन्स्टिट्यूट या नावानं ओळखलं जाऊ लागलं. लैंगिक हिंसेवरचं तिचं पुस्तक आलं १९८३ मध्ये. चर्च ज्या पापाचं नावही काढत नाही ते पाप, असा रोख नावातच होता. १९८९ मध्ये तिनं आणखी अवघड जागी हात घातला: स्वतः पाळकच मंडळीतल्या बायकांचा गैरफायदा घेतो तेव्हा काय करायचं.

तिचं आयुष्यभराचं काम एका क्रमावर उभं आहे, आणि तो क्रम इथल्या प्रत्येक पाळकाच्या, महाराजाच्या आणि पंचाच्या भिंतीवर लागायला हवा. आधी बाई आणि लेकरं सुरक्षित झाली पाहिजेत. मग मारणाऱ्याला थांबवून त्याच्याकडून जाब घेतला पाहिजे. नातं जोडायचा प्रश्न या दोन्हींनंतरचा; आणि जोडता येत नसेल तर ते तुटल्याचं दुःख करायला बाईला वेळ आणि सोबत द्यायची. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. पहिल्या दिवशी नातं जोडलं जातं. जाब घ्यायचं राहून जातं. सुरक्षिततेचा विचार सुचतो तो तिला जिल्हा रुग्णालयात दाखल केल्यावर. दोघांना एकत्र बसवून समजूत काढायलाही फॉर्च्यूनचा ठाम विरोध आहे. कारण उघड आहे. नवऱ्यासमोर बाई खरं बोलली तर रात्री घरी जाऊन त्याची किंमत तीच मोजणार, आणि खोटं बोलली तर पाळकाची खात्री पटणार की एवढं काही नाहीच.

नवापूर तालुक्यात हे सगळं वाचायला हवं, कारण तिथे पाळक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय महामार्गावर उभं आहे ते त्याच वारशातून. आज नवापूरच्या गावांमध्ये मावची भाषेत उपासना होते, लहान-मोठ्या मंडळ्या आहेत, आणि त्यांचे पाळक बहुतेक त्याच गावातले, त्याच भाषेतले, शेती करून पाळकी करणारे. तो बाईचा चुलतदीर असतो, नवऱ्याचा शाळेतला दोस्त असतो. भाषेसाठी दुभाषा लागत नाही, ही त्याची ताकद. नात्यात अडकलेला आहे, ही त्याची अडचण.

ख्रिस्ती पाळकापुढे आणखी एक पेच असतो, तो क्षमेचा. धर्मच क्षमेवर उभा. मारून आलेला नवरा रविवारी पुढे येऊन गुडघे टेकतो, रडतो, मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते, आणि सगळ्यांच्या नजरा बायकोकडे वळतात: आता तू. ती क्षमा करते कारण न केली तर पापी ती ठरते. पौलाच्या पत्रातलं बायकांनी अधीन राहण्याबद्दलचं वचन त्याच अध्यायात नवऱ्याला काय सांगतं, हे मात्र फारसं वाचलं जात नाही. ही खोड काही एकट्या ख्रिस्ती मंडळीची नव्हे. पतिव्रतांच्या पोथ्या वाचणाऱ्यांनी फार हसू नये.

आणि गुपिताचं काय? प्रौढ बाईनं विश्वासानं सांगितलेलं तिच्या मर्जीशिवाय बाहेर जाता कामा नये, हे बरोबर. पण सांगणारी पंधरा वर्षांची असेल तर? बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, त्याचं १९ वं कलम ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा तो घडेल अशी नुसती धास्ती असेल, तरी पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक, डॉक्टर, आश्रमशाळेचा अधीक्षक, पाळक, भगत, महाराज, कुणालाही त्यातून सूट नाही. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत. ज्या जिल्ह्यात हजारो मुली आईबापांपासून दूर आश्रमशाळांत राहतात, तिथे पंचांनी दंड ठरवून, मुलीचं लग्न लावून प्रकरण मिटवणं हा सरळ गुन्हा आहे. सांगणाऱ्या पोरीला पहिल्याच मिनिटाला हे सांगणं पाळकाचं काम: तुझं ऐकतो, पण हे माझ्यापाशी राहणार नाही. आधी सगळं ऐकून घेऊन मग पोलिसांना कळवलं तर तो दुसरा विश्वासघात ठरतो.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात शोधायला गेलं तर पंडिता रमाबाईंच्या दारी जावं लागतं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी छावण्यांमध्ये एकट्या पडलेल्या पोरींचं काय होतं ते पाहिलं, आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, त्यात फसवल्या गेलेल्या, अत्याचार झालेल्या बायकांसाठी कृपासदन वेगळं ठेवलं. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपण शंभर वर्षं भांडलो. त्या भांडणात त्यांची कामाची पद्धत बाजूला पडली. आलेल्या पोरीला आधी अन्न, औषध, अंघोळ, झोप. मग अक्षरं आणि हाताला काम: छापखाना, विणकाम, गोठा, तेलाचा घाणा. पुढे बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी स्वतः केलं आणि ते जुळवलं-छापलं याच मुलींनी.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, रँडसाहेबाची तपासणी पथकं घरात शिरू लागली. प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या बायकांच्या अब्रूचे काय हाल होतात, आपल्याच आश्रमातल्या एका मुलीचं काय झालं, यावर रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. साहेबांच्याच धर्माची बाई साहेबांच्या कारभाराविरुद्ध छापील अक्षरांत बोलली. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं, सरकारनं आरोप झटकले. त्याच सुमारास इंग्लंडात असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यातल्या अत्याचारांबद्दल केलेलं विधान पुराव्याअभावी मागे घेतलं आणि परतल्यावर माफी मागितली. रमाबाईंनी आपल्या मुलीची बाजू सोडली नाही. बाईनं सांगितलेलं खरं मानायचं आणि ते मोठ्या साहेबाला गैरसोयीचं असलं तरी लिहून काढायचं, हे कुठल्याही समुपदेशन वर्गात शिकवण्याजोगं आहे.

आज कायद्याची चौकट रमाबाईंच्या काळापेक्षा कितीतरी भक्कम आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं संरक्षण अधिकारी दिला, राहत्या घरातला हक्क दिला, आणि समुपदेशनाची तरतूदही केली. त्याच्या नियमावलीतला १४ वा नियम फार थोड्यांनी वाचलेला असतो. त्यानुसार समुपदेशनाच्या बैठकीत नवऱ्याला आपल्या मारहाणीचं समर्थन करता येत नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधीच बजावायचं असतं. पुन्हा हात उचलणार नाही अशी हमी त्यानं द्यायची. तडजोडीचा विषय बाईची इच्छा असेल तरच काढायचा. त्याआधीच्या नियमानुसार समुपदेशक दोन्हींपैकी कुणाच्या नात्यातला किंवा हितसंबंधातला नको. म्हणजे मेरी फॉर्च्यूनचा क्रम भारत सरकारच्या नियमात जवळजवळ जसाच्या तसा बसलेला आहे, आणि गावोगावच्या बैठकी मात्र ‘टाळी एका हातानं वाजत नाही’ या वाक्यानं सुरू होतात.

मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा त्यामागचा विचार साधा होता: बाई पोलीस ठाण्यात येते तेव्हा तिला गुन्हा नोंदवायचाय की आणखी काही, हे ठरवायला गणवेश नसलेलं माणूस हवं. ही पद्धत पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. बलात्कार, बाललैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला सोसलेल्यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं वाळीत टाकणाऱ्या पंचांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड ठेवला. डाकीण म्हणून पाणी तोडलेल्या बाईला २०१३ च्या कायद्याबरोबर हा दुसरा आधार आहे.

आणि तरीही पाड्यावरची बाई आधी पाळकाकडे किंवा भगताकडेच येणार, तेव्हा त्याच्या खिशात काय हवं? माझ्या मते फार थोडं. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर, गाडीभाड्याचे पैसे, रात्री मुलांसकट तिला ठेवता येईल असं एक घर ज्याचा पत्ता नवऱ्याला ठाऊक नाही, आणि आशा ताईशी बोलणं असणं, कारण सिकलसेलची तपासणी वेळेवर झाली तर भगताच्या दाण्यांना नाव काढायला निमित्तच उरत नाही. दाणे पाहणाऱ्या भगतालाही या कामात ओढता येतं. त्याला मंत्र सोड म्हणून सांगण्याआधी, पोराला आधी दवाखान्यात ने आणि मग माझ्याकडे ये, एवढं वाक्य त्याच्या तोंडी आलं तरी निम्मी लढाई जिंकली. साप चावल्यावर काही भगत आता तसं सांगू लागले आहेत. डाकिणीचं नाव काढू नको, हे सांगणं त्याहून अवघड, कारण नाव काढण्यातच त्याचा दरारा आहे.

पण दरवर्षी यातली निम्मी घरं बंद होतात. दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूरकडच्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, सुरत, बारडोली, व्यारा या पट्ट्यात. पाळक मागे गावात राहतो, भगतही मागे राहतो. उसाच्या फडावर पालात नवरा-बायको, मुकादमाची उचल आणि संध्याकाळी चोरून मिळणारी दारू. नंदुरबारच्या कोर्टात लागलेली तारीख चुकते, अर्ज निकाली निघतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार बाई तात्पुरती जिथे राहते किंवा जिथे काम करते त्या भागातल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला अर्ज करता येतो, आणि त्या कोर्टाचा आदेश देशभर लागू असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, गुजरातेतल्या पोलीस ठाण्यालाही तो नोंदवून घ्यावा लागतो. हे तिला टोळी निघण्याआधी, तिच्या भाषेत, नवरा ऐकत नसताना सांगायला हवं, आणि त्यासाठी फारच थोडे दिवस हाती असतात.